तुमचा कान, माझा कान

अहो, आज सकाळपासून तोफांचे गोळे पुन्हा सुरू झाले. मी सवयीनं फळीवरचे डबे खाली काढून ठेवले, काचा तडकू नयेत म्हणून खिडक्या सताड उघडल्या, आणि चहाचं आधण तसंच सोडून तुमचे बूट पुसायला निघाले. पलंगाखाली वाकले तेव्हा भानावर आले. बूट तिथंच आहेत. तुम्हाला जाऊन महिना होत आला, आणि मी त्यांना हात लावलेला नाही.

पुण्यानुमोदनाला गाव जमलं होतं. तुम्हाला आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. शिस्तीचा माणूस, वेळेचा पक्का, देशासाठी घाम गाळला, असं सगळं लोक बोलले. तुम्ही फौजेत कुठं कुठं होतात, शेवटी आपल्याच गावाशेजारच्या कॅम्पात उस्ताद म्हणून कसे आलात, पेन्शन घेतल्यावरही घरी न बसता तिथंच, गोळ्यांच्या वेळी लाल झेंडा लावणारे, झेंडेवाले कसे झालात, हेही सांगून झालं. मी पदर तोंडाशी धरून ऐकत होते. मागच्या वर्षीच्या भेटीच्या दिवसाचं नाव मात्र कोणी काढलं नाही. ज्या दिवसामुळं गावानं वर्षभर आपल्याशी धड बोलणं टाकलं, तो दिवस सगळ्यांनी शहाण्यासारखा गाळला.

तुम्हीही तेच करायचात. मी विषय काढला की तुमचं ठरलेलं, "जेव आते." जेवणाची वेळ नसली तरी जेव. आज मी बोलणार आहे आणि तुम्हाला उठून जाता येणार नाही.

मी लग्न होऊन मुक्ताईनगरकडून इथं आले तेव्हा मला कोणी सांगितलंच नव्हतं, की सासर तोफांच्या शेजारी आहे. पहिल्या सकाळी चुलीपुढं बसले होते. लांबून धप्प झालं. सासूबाईंचा भाकरी थापता हात परातीतच थांबला. मी त्यांच्याकडं बघते तोवर डोंगराकडून दुसरा आवाज आला, मोठा, जमिनीतून पायात येणारा. मी किंचाळले. सासूबाईंनी शांतपणे भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "सुटना की हात थांबाड. फुटना की भाकर पलट. शिकशी तू." तुम्ही दारात उभे राहून हसत होतात. नव्या नवरीला हसणारा नवरा मला तेव्हाच ओळखायला यायला हवा होता.

शिकले मी. गावातली प्रत्येक बाई शिकते. आधी सुटल्याचा आवाज, मग फुटल्याचा. त्या दोघांच्या मध्ये आपला हात थांबतो, मग तो विळीवर असो, झाडूवर असो की पोराच्या केसांत असो. कधीतरी दुसरा आवाज येतच नाही. तो मुका. मुका गोळा म्हणजे जमिनीत तसाच जिवंत रुतून बसलेला गोळा. आज नाही फुटला तर उद्या कोणाच्या तरी पायाखाली फुटेल. मग हात बराच वेळ उचलत नाही, आणि ओटीवरून कोणीतरी म्हणतं, मुका गया. संध्याकाळी तुम्ही यायचात आणि सांगायचात, कुठं पडला, कॅम्पवाल्यांनी शोधून कसा उडवला. आमचा कान आणि तुमचं सांगणं कायम जुळायचं. एका खेपेचा अपवाद सोडला तर.

कॅम्प कसा आला ते तुमच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या माहेरचीच गोष्ट वाटावी. देश नवा होता. डोंगराच्या पायथ्याला आपलं गाव होतं, भोवती खडकाळ माळ. पोरांना तोफ चालवायला शिकवायची तर अशीच जागा लागते, असं साहेबलोकांनी सांगितलं. फौजेच्या गाड्या आल्या, गाव उठलं आणि हमरस्त्याकडं आणून बसवलं. मारुतीचं देऊळ तिकडंच राहिलं, कब्रस्तान राहिलं, आपल्या लोकांची विहीर राहिली. घरं पडली, गोळ्यांनी माती झाली.

पण सासूबाई एक गोष्ट हटकून सांगायच्या. नव्या जागी फौजेनं दोरी लावून सरळ रेघेत प्लॉट पाडले आणि चिठ्ठ्या टाकून वाटले. कोणाची चिठ्ठी कुठं निघेल त्याला धरबंध नाही. पाटलाचं घर कोपऱ्याला गेलं, आणि गावाबाहेर राहणारे आपण मधल्या ओळीत, रफिकभाऊंच्या पिंजारी घराच्या भिंतीला भिंत लावून. जुन्या गावात वेगळी वस्ती होती, नव्यात ती करायची राहूनच गेली. सासूबाई म्हणायच्या, कॅम्पनं गाव उठवलं तशी आपली वेशीबाहेरची जागाही उठवली, मी कोणाच्या नावानं रडू? तुम्ही फौजेत गेलात ते त्या चिठ्ठीमुळंच, असं मला नेहमी वाटतं. फौजेनं आपल्याला सरळ रेघेत उभं केलं, हे तुमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून तर आपलं भांडण कधी मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, कुठून कुठून पोरं येतात, मिसरूडही न फुटलेली, घराची आठवण काढून रडणारी. त्यांना इथं शिकवायचं, चुकू द्यायचं. "आठे चुकतीन तं तठे वाचतीन," हे तुमचं शेवटचं वाक्य. मी म्हणायचे, आणि त्यांच्या चुका पडतात कुठं? आमच्या देवळावर, आमच्या विहिरीवर, रफिकभाऊंच्या आजीच्या कबरीवर. मग तुम्ही रविवारी चार शिकाऊ पोरांना भरीत-भाकरी खायला घरी घेऊन यायचात. समोर बसून ती पोरं घाम पुसत ठेचा खायची, मला आई म्हणायची, आणि माझं भांडण तिथंच अडकून पडायचं. अजूनही मला कळत नाही, की तुमचं खरं का माझं. बहुतेक दोन्ही.

आता भेटीचं. वर्षातून एक दिवस कॅम्प गोळे बंद ठेवतो आणि गाव आपल्या जुन्या गावाला भेटायला जातं. फाल्गुनात, होळीच्या आधी. हिंदू मारुतीला शेंदूर लावतात, मुसलमान कबरींवर फुलं घालतात, आपण विहिरीच्या काठाला मेणबत्ती लावून पंचशील म्हणतो. मग सगळे एका चिंचेखाली बसून शिदोऱ्या सोडतात. फाटक कॅम्पवाले उघडतात, पण फाटक उघडलं म्हणून कोणी पाय टाकत नाही. आधी झेंडेवाल्यानं लाल झेंडा उतरवायचा, घडी करून खांद्यावर टाकायचा आणि पुढं चालायचं. त्याच्या मागं गाव. हा रिवाज कॅम्पचा नाही, गावाचा. झेंडेवाला गावचा असतो, त्याची बायकोपोरं त्याच रांगेत असतात, म्हणून त्याच्या पावलावर विश्वास.

मागच्या वर्षी भेटीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत गोळे चालले होते. मी ओटीवर शेंगा फोडत होते, रफिकभाऊंची सून शबाना माझ्याशेजारी तिच्या लेकीची वेणी घालत होती. दोन तोफा पाठोपाठ सुटत होत्या, कान भरून गेले होते. त्यात एक सुटला आणि माझा हात थांबला तो थांबलाच. मी शबानाला विचारलं, फुटला का गं? ती म्हणाली, लक्ष नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही पाय धुऊन पाटावर बसलात आणि मी विचारलं, "आजचा मुका सापडला का?"

"कोणता मुका?"

"दुपारचा. शेवटच्या शेवटच्यातला."

"बठ्ठा फुटनात, एकबी मुका नही. मी तठेच व्हतू."

"एक मुका गेला. मले साफ समजलं."

"तू घरमा, मी डोंगरवर. कोणले समजी?"

तेव्हा मी विचारलं, की फाटकाशी झेंडा लावून तुम्ही कुठं उभे होतात आज. त्या हंगामात तुमची उभं राहायची जागा उघड्या टेकडीवरून हलवून कड्याच्या पोटाशी नेली होती. तिथून तुम्ही पहिल्यांदाच गोळे ऐकत होतात. मी म्हटलं, अहो, कडा तुमच्या पाठीशी. सुटल्याचाच आवाज कड्यावर आपटून तुम्हाला परत आला असेल आणि तो तुम्ही फुटल्याचा धरला असेल. इकडं रस्त्याला आम्हाला कडाही नाही आणि काही नाही, आम्हाला येतो तो सरळ येतो.

तुम्ही घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिलात. तो चेहरा मला विसरता येत नाही. रागावला नव्हतात. उस्ताद माणूस, इतकी वर्षं पोरांना आवाज ओळखायला शिकवलेला, त्याला बायकोनं पाटावर बसून सांगायचं, की तुमचा कान फसला. मला वाटलं, आता ताट सरकवतात. तुम्ही म्हणालात, "जेव आते," आणि स्वतःच उठून गेलात. कॅम्पात गेलात ते रात्री उशिरा परतलात.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव फाटकाशी. नवी लुगडी, डोक्यावर पाट्या, पोरांच्या हातात पिपाण्या. मेजरसाहेब स्वतः आले होते. त्यांनी पहाटेपासून माणसं लावून वाट धुंडाळली होती. काही मिळालं नव्हतं, पण काळ्या मातीत शिरलेला गोळा वरून दिसत नाही, हे तेच म्हणाले. त्यांची माणसं सगळे फुटले म्हणत होती. मग ते तुमच्याकडं वळले. "नाना, आप बताइए. आप झंडा उतारेंगे तो मैं नहीं रोकूँगा."

मी बायकांच्या घोळक्यात पुढं होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. झेंड्याच्या काठीजवळ गेलात, काठीला हात लावलात, आणि हात काढून घेतलात.

"आवंदा भेट नही," तुम्ही म्हणालात.

आधी लोकांना थट्टा वाटली. मग कुजबुज, मग आरडाओरडा. "झेंडा काढ, नाना! कसाले उभा शे?" "साहेब जाऊ देस आन हाऊ अडावस!" "तुना एकलाना देव शे का तठे?" कोणीतरी शबानाला विचारलं आणि तिनं बिचारीनं खरं ते सांगून टाकलं, की नानीला मुका ऐकू आला म्हणे. झालं. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बायकोच्या कानावर गावाची भेट मोडली, हे वाक्य तिथंच जन्मलं आणि संध्याकाळपर्यंत हॉटेलात पोचलं.

आणि हमीदाचाची. रफिकभाऊंची आई. जुन्या गावात जन्मलेलं ते शेवटचं माणूस. तिला खुर्चीत बसवून आणली होती, मांडीवर फुलांची पुडी. ती ओरडली नाही. तुम्हाला जवळ बोलावलं, तुमच्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "बेटा, मनी माय तठे शे. माले एकलीले जाऊ दे. फुटना तं मी म्हातारी मरसु, तुनं काय जाई?" तुम्ही हळूच मनगट सोडवून घेतलंत. रफिकभाऊ तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. लहानपणापासूनचे तुम्ही दोघं, एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेले. त्यांनी तुमच्याकडं बघितलं, खुर्ची उचलली आणि आईला घेऊन परत फिरले. पुडी तिच्या मांडीवर तशीच होती.

चाची श्रावणात गेली.

त्या वर्षाबद्दल मी काय लिहू? कोणी भांडलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त आपल्याला कोणी काही विचारेनासं झालं. लग्नाच्या याद्यांत तुमचा सल्ला नाही, मीटिंगला खुर्ची नाही. ईदेला भिंतीवरून येणारा शिरखुर्मा आला नाही. मी भीमजयंतीची खीर वाटी भरून भिंतीवर ठेवली ती संध्याकाळी मुंग्या लागलेली परत घेतली. गोळे सुरू झाले की नळावर बायका हसून विचारायच्या, "वहिनी, आज कितला मुका गयात वं?" आधी मी फणकारायचे. मग मी सांगणंच सोडलं. हात थांबायचा, पण तोंड उघडायचं नाही. एवढंच काय, तुम्हालाही सांगितलं नाही. हिवाळ्यात एकदा मला पुन्हा शंका आली होती, तरी मी वांगी चिरत राहिले. तुम्ही माझ्या हाताकडं बघत होतात, हे मला कळलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही. माणसं एका घरात राहून एकमेकांना किती घाबरू शकतात.

मी एकाच गोष्टीवर तगले. साऱ्या गावासमोर, साहेबासमोर, जिवाभावाच्या दोस्तासमोर माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या कानापेक्षा माझ्या कानावर विश्वास ठेवला. कोणाचा नवरा ठेवतो? भाजीत मीठ जास्त आहे का कमी, हेही बायकोचं खरं न धरणारी माणसं असतात. मी रात्री अंथरुणावर पडले की हेच घोळवत झोपायचे. तुम्हाला तोंडावर मात्र कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. एकदा विचारायलाही हवं होतं, की तुम्हाला खरंच पटलं होतं ना?

मग ती माघातली सकाळ. बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही छातीला हात लावलात. मी भिंतीवरून हाक मारली, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. रफिकभाऊ गादीचा कापूस केसांत घेऊनच धावत आले. त्यांच्या टेम्पोत नव्या गाद्यांवर तुम्हाला निजवलं. धुळ्याला पोचायचंच नव्हतं. सोनगीर मागं पडलं आणि तुमचा हात माझ्या हातात जड झाला. रफिकभाऊंनी गाडी बाजूला घेतली, पण उतरून मागं आले नाहीत. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

संगीता सावद्याहून आली ती मला घेऊन जायच्या तयारीनंच. केळीच्या बागेत गोळे पडत नाहीत, आई, म्हणाली. मी म्हटलं, भेट होऊ दे, मग बघू. खरं तर मला भेटीची धास्ती बसली होती. पाव वर्ष कॅम्पवाले यंत्र घेऊन वाटेवर फिरत होते. जुनं लोखंड ढिगानं निघालं, तो मुका काही निघाला नाही. आता सरळ वाटेनं गाव आत जाणार. मी गेले तर माझ्या तोंडानं मी कबूल केल्यासारखं, की मला भास झाला होता, आणि तुम्ही माझ्या भासापायी गावातून उठलात, चाचीला आईच्या कबरीवर फूल घालता आलं नाही. आणि मी गेले नाही तर? आत पोरंबाळं चालत जाणार, आणि मी घरी हात थांबवून ऐकत बसणार? तुम्ही होतात तेव्हा पाऊल तुमचं होतं. आता ते कोणाचं?

काल भेट झाली. शेवटी मी गेले. संगीता दंडाला धरून होती. फाटक उघडलं, मेजरसाहेबांनी नमस्कार केला, आणि सगळं गाव जागच्या जागी उभं. नवा झेंडेवाला अजून नेमलेला नाही. लाल झेंडा काठीवर फडफडत होता आणि कोणी पुढं होईना. तेवढ्यात रफिकभाऊ पुढं आले आणि सरळ वाटेकडं न जाता डावीकडं वळले, नाल्याच्या अंगानं. तिकडं चुन्याच्या फक्कीनं दोन्ही बाजूंना रेघ ओढलेली दिसली. नाला वळसा घालून डोंगराला मागून भिडतो. लांबची वाट, म्हातारीकोतारी दमणार.

"हाई वाट साफ करेल शे," ते गावाला म्हणाले. "मी साहेबकडे गयतू. त्यासले सांगं, नानीले जठे मुका आयकू उना तठेन आम्ही जाणार नही. साहेबनी पंधरा दिन माणसं लावात."

मी म्हटलं, "रफिकभाऊ, तो सापडला नाही हो. मला भासही झाला असेल."

तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि खाली बघत बोलले. चाचीला माती दिली त्या दिवशी तुम्ही गावातल्या नव्या कब्रस्तानाच्या भिंतीशी उभे होतात, हे मला ठाऊक होतं. माती देऊन झाल्यावर तुमचं दोघांचं बोलणं झालं, हे ठाऊक नव्हतं. रफिकभाऊंनी तुम्हाला रागानं विचारलं होतं, तुले खरंच मुका आयकू उना का?

"तो बोलना, नही," रफिकभाऊ म्हणाले. "बोलना, माले फुटनाच आयकू उना. आजबी तोच येस कानमा. मंग मी बोलनू, मंग मनी मायले कसाले थांबाडं? तं बोलना, ती मुका बोलनी. मना कान खोटा निंघना तं माणसं मरतीन. तिना खोटा निंघना तं माले शिव्या पडतीन, बस. माले तवय इतला राग उना वहिनी, की मी त्याले जाय इठून आसं बोलनू. तेच शेवटलं."

अहो, मी काय करायचं होतं यावर? पहिल्यांदा मला संतापच आला. म्हणजे तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलाच नव्हता! वर्षभर मी कशावर जगले? तुम्हाला फुटलाच ऐकू आला होता, तुम्ही मनातून शेवटपर्यंत तुमचंच खरं धरून होतात, आणि मी वेडी उशीवर डोकं टेकून कौतुकं करत होते. तिथं फाटकाशी उभी राहून मी मनातल्या मनात तुमच्याशी असं भांडले, असं भांडले, की संगीतानं मला हलवलं. आई, चल, सगळे थांबलेत.

सगळे खरंच थांबले होते. मागच्या वर्षी ओरडणारे, नळावर हसणाऱ्या, पाटलांकडचे आबा, शबाना, सगळे माझ्याकडं बघत होते. रफिकभाऊंनी काठीवरून झेंडा सोडला, पण घडी करून स्वतःच्या खांद्यावर न टाकता माझ्या हातात दिला. मी नाल्याच्या वाटेला लागले. चालताना उजवीकडं ती सरळ वाट दिसत होती, गवत वाढलेली, साधी, निरुपद्रवी. तिच्या पोटात काही आहे की नाही, मला माहीत नाही. मागं वळून बघितलं तर गाव फक्कीच्या आत, एकामागं एक येत होतं. कोणी कुरकुरलं नाही. पाटलांच्या आबांनी काठी टेकत दोनदा दम घेतला, तेवढंच.

कबरींशी रफिकभाऊंनी दोन पुड्या सोडल्या. एक आजीच्या कबरीवर वाहिली. दुसरी कोणासाठी ते मी विचारलं नाही. ती त्यांनी आपल्या विहिरीच्या काठावर रिकामी केली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

रात्रभर मी विचार करत होते, की तुमच्यावर रागवायचं की काय करायचं. मला बरोबर ठरवून तुम्ही झेंडा काठीवर तसाच ठेवला असतात, तर त्यात काय मोठं? पटलेलं कोणीही करतो. तुम्हाला पटलं नव्हतं. तरी तुम्ही साऱ्या गावाच्या शिव्या घेतल्यात, चाचीच्या हातातून मनगट सोडवून घेतलंत, रफिकभाऊ गमावलेत, आणि माझ्यापाशी अवाक्षर काढलं नाहीत, नाहीतर मला वाटलं असतं की तुम्ही माझ्यावर उपकार केलेत. एकदा सांगितलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, पण तुम्ही एकटे राहिला नसतात. हे मात्र मी तुम्हाला माफ करणार नाही. बाकीचं केलं.

हे लिहिता लिहिता आत्ता एक सुटला. माझं पेन थांबलं. मी वाट बघितली. पलीकडं ओटीवर शबाना तांदूळ निवडत होती, तिचाही हात थांबलेला मला दिसला. तिनं भिंतीवरून मान वर केली. हसत नव्हती. "नानी, हाऊ फुटना का?"

वर्षभर मी या प्रश्नाला घाबरत होते. मी म्हटलं, "नाही गं. मुका गेला."

आतून गादी शिवण्याच्या मशीनचा आवाज बंद झाला. रफिकभाऊ बाहेर आले, चपला घातल्या आणि एक शब्द न विचारता कॅम्पाच्या फाटकाकडं निघाले. मी त्यांच्या पाठीकडं बघत बसले आहे. माझं चुकलंही असेल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फुटना, मी आयकं. आणि झेंडा उतरवला नसतात.